पणजोबांचं मत

शुक्रवारी रात्री रिलीज गेला की मला झोप येत नाही. डोकं दमलेलं असतं, पण बंद होत नाही. मग काहीतरी फालतू वाचत पडायचं. गेल्या विकांताला रात्री दीड वाजता मी काय वाचत होतो सांगू? १९१२ साली कॅलिफोर्नियाने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी कसं मतदान केलं! हसू नका. प्रकरण खरंच मजेशीर आहे.

त्या वर्षी थिओडोर रुझवेल्ट स्वतःच्या जुन्या पक्षाशी भांडून वेगळा उभा राहिला. कॅलिफोर्नियात त्याच्या माणसांनी रिपब्लिकन पक्षाची जागाच बळकावली. परिणाम असा, की गादीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाचं, टाफ्टचं, नाव तिथल्या मतपत्रिकेवर छापलंच गेलं नाही! रुझवेल्ट जिंकला तो फक्त १७४ मतांनी. राज्याची १३ मतं होती, त्यातली ११ त्याला आणि २ वुड्रो विल्सनला गेली, कारण लोक एकेका प्रतिनिधीला वेगळं मत देत होते. आणि आदल्याच वर्षी, १९११ मध्ये, तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला होता, त्यामुळे त्याही रांगेत होत्या.

या सगळ्याला जालावर एक अख्खं पान आहे. प्रत्येक राज्याला, प्रत्येक निवडणुकीला. खाली जिल्हावार आकडे. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिकडच्या कुठल्या तरी खेड्यात गुरं राखणाऱ्यांनी कुणाला मत दिलं, हे मी पुण्यात फ्लॅटमध्ये गादीवर पडून सांगू शकतो.

आणि मग एक जुनी खरूज उठली. मी भिवापूरचा. नागपूर जिल्हा, उमरेडच्या पुढे, मिरचीसाठी प्रसिद्ध. त्याच काळात माझ्या गावाने कसं मतदान केलं होतं?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता टाइमपास नव्हता. त्यामागे एक भांडण आहे. ते आधी सांगतो.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार, विधानसभेचं मतदान. माझं नाव अजून भिवापूरच्या यादीत आहे. आठवड्याच्या मधोमध मतदान, त्याच आठवड्यात आमचं प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट. मी मॅनेजरला विचारलंसुद्धा नाही, हे खरं. विचारलं असतं तर कदाचित सोडलंही असतं. पण नागपूरला जा, तिथून भिवापूर, परत ये, दोन दिवस जाणार. म्हटलं, जाऊ दे, एका मताने काय होतंय!

बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तुहा पणजोबा मत द्याले उमरेडले पायी गेलता. तुले विमानानं येता येत नाही?"

आणि फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे आईच बोलत होती.

ही पणजोबांची गोष्ट आमच्या घरी प्रत्येक निवडणुकीला निघते. आबाजी (म्हणजे माझे आजोबा) ती सांगायचे. माहा बाप रात्रीच निघाला, फडक्यात भाकरी बांधली, गांधीबाबाच्या माणसाले मत द्याचं होतं, सकाळी उमरेडले पोचला. लहानपणी मी एकदा आबाजींना विचारलं होतं, तेव्हा गाडी नव्हती का? आमच्या गावावरून जाणारी नागपूर-नागभीड छोटी लाइन १९०८ पासूनची, २०१९ मध्ये ती बंद होईपर्यंत आम्ही त्याच डब्यांतून जायचो. आबाजी म्हणाले, "गाडी होती ना बापा. तिकिटाले पैसे कोणापाशी होते?" विषय संपला.

साल कोणतं, हे आबाजी छातीठोकपणे सांगायचे. "तेवीस साल. झेंड्याच्या सत्याग्रहाचं साल." त्यांचा स्वतःचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण बापाकडून ऐकलेलं होतं. आणि साल तर बरोबर जुळतं. १९२३ च्या उन्हाळ्यात नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडणूक.

तर मी रात्री दीड वाजता ठरवलं, की आपल्या राज्याचं ते पान आपणच लिहायचं. निदान डोक्यात. पण पहिल्याच ओळीला अडलो. आपलं राज्य म्हणजे कुठलं? भिवापूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. १९५० मध्ये त्याच प्रांताचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे आबाजींनी आयुष्यातलं पहिलं सार्वत्रिक मतदान पाहिलं ते मध्य प्रदेशचे रहिवासी म्हणून! गाव जागच्या जागी, आणि राज्यं येऊन जाऊन राहिलेली.

असो. १९२३ कडे येऊ. आणि इथे मला कॅलिफोर्नियापेक्षाही भन्नाट गोष्ट सापडली.

थोडी पार्श्वभूमी. १९१९ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रांतांमध्ये 'द्विदल राज्यपद्धती' आणली. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा अॅक्सेस दोन टीममध्ये वाटला. शिक्षण, आरोग्य, शेती, नगरपालिका ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. पैसा, पोलीस, जमीनमहसूल गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे शाळा तुम्ही काढा, पण बजेट मागायला आमच्याकडे या. अॅडमिन पासवर्ड क्लायंटकडेच. अशा प्रोजेक्टवर काम केलेल्यांना जास्त समजावून सांगायची गरज नाही :)

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरातच भरलं. अध्यक्ष टिळक व्हायचे होते म्हणतात, पण १ ऑगस्टलाच ते गेले. या अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झालं. त्याच्या आधी, नोव्हेंबरात, नव्या कौन्सिलांची पहिली निवडणूक झाली होती आणि काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला होता. पुढे १९२२ मध्ये गांधीजींनी चळवळ थांबवली, ते तुरुंगात गेले, आणि प्रश्न आला, की आता काय? चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू म्हणाले, कौन्सिलात जाऊ. सरकार चालवायला नको, आतून बंद पाडायला. काँग्रेसच्या गया अधिवेशनात हे कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी १९२३ च्या सुरुवातीला स्वराज्य पक्ष काढला.

आता जाहीरनामा बघा. आम्हाला निवडून द्या. आम्ही मंत्री होणार नाही. काम करणार नाही. जे करतात त्यांना करू देणार नाही. आज असा उमेदवार दारात आला तर आपण चहासुद्धा विचारणार नाही!

आणि मध्यप्रांताने काय केलं? या पक्षाला स्पष्ट बहुमत दिलं. सगळ्या हिंदुस्थानात हा एकच प्रांत, जिथे स्वराज्य पक्षाला कुणाच्याही मदतीशिवाय बहुमत मिळालं. बंगालमध्ये तो सगळ्यात मोठा पक्ष ठरला, पण बहुमत नाही. ते मिळालं नागपूरच्या कौन्सिलात. आमच्या!

पुढची कथा तर कुठल्याही पोलिटिकल ड्रामापेक्षा भारी. गव्हर्नर होते सर फ्रँक स्लाय. त्यांनी रीतसर बहुमतवाल्यांना मंत्रिपद देऊ केलं. स्वराज्य पक्षाने (नागपूरचे डॉ. मुंजे त्यांच्या पुढाऱ्यांतले) नको म्हटलं. मग गव्हर्नरने दुसरे मंत्री नेमले. जानेवारी १९२४ मध्ये कौन्सिलाने त्यांच्यावर अविश्वास दाखवला. मार्चमध्ये बजेट आलं, तर मागण्या एकामागून एक फेटाळल्या. फक्त मंत्र्यांचा पगार तेवढा मंजूर केला. किती? वर्षाला दोन रुपये. महिन्याला नाही, वर्षाला! अप्रेझलमध्ये तीन टक्के मिळाले म्हणून रडणाऱ्यांनी हे पॅकेज लक्षात ठेवावं.

मंत्री गेले. ती खाती गव्हर्नरने स्वतःकडे घेतली. द्विदल राज्यपद्धती मध्यप्रांतात खरोखर बंद पडली. मतदारांनी ज्यासाठी पाठवलं होतं ते त्यांनी करून दाखवलं, असं किती आमदारांबद्दल म्हणता येईल?

शेवट मात्र नेहमीचा. ऑक्टोबर १९२५ मध्ये याच पक्षाचे आणि कौन्सिलाचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरू भडकले. मुंजे, केळकर, जयकर वगैरे महाराष्ट्रातली मंडळी म्हणाली, यात एवढं काय, सत्ता घेऊनही लढता येतं. पक्ष फुटला. १९२६ च्या निवडणुकीत ते बहुमत गेलं. रातोरात बाजू बदलल्याचं आपल्याला अलीकडे फार अप्रूप वाटतं. शंभर वर्षांपूर्वी नागपुरात ते सगळं होऊन गेलेलं आहे.

हे वाचताना मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! डोळ्यांपुढे चित्र आलं. माझा पणजोबा, तेवीस वर्षांचा, अंधारात भाकरी घेऊन उमरेडच्या वाटेने निघालाय, साम्राज्याच्या सर्व्हरचा प्लग काढायला. मी ठरवलं, सकाळी उठून बाबांना हे सगळं सांगायचं, त्या नोव्हेंबरची थोडी भरपाई होईल.

आणि मग मी एक चूक केली. मतदार कोण होते ते वाचलं.

तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण 'सगळ्यांना नव्हतं' म्हणजे किती, हे आकडा बघेपर्यंत कळत नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडची वस्ती १९२१ साली सुमारे १ कोटी ३९ लाख. त्यातल्या शंभर माणसांमागे दोघांनाही मत नव्हतं. बायकांना तर १९२३ मध्ये आमच्याकडे मुळीच नव्हतं. मुंबई आणि मद्रास प्रांतांनी १९२१ मध्येच दिलं होतं, आम्ही मागे राहिलो. दलितांचा प्रतिनिधी मतांनी येत नसे, सरकार नेमत असे. खेड्यात मत कुणाला, तर जो ठरावीक रकमेच्या वर सारा किंवा लगान भरतो त्याला. म्हणजे मालगुजार, मोठा शेतकरी, फार तर बरा खातापिता कुळवाला.

पूर्व विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे रयतवारी नव्हती, मालगुजारी होती. गावाचा मालगुजार लगान गोळा करायचा आणि सरकारजमा करायचा. १९५०-५१ मध्ये ती पद्धत गेली, पण आमच्या भागातल्या तलावांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, तो मामा म्हणजे माजी मालगुजारी. माझ्या पणजोबांकडे होती कुळाची जमीन, सहा-सात एकर.

आता मला झोप येणं शक्यच नव्हतं.

जानेवारीत घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट आठवली. मिरचीचा तोडा चालू होता. सातऱ्यावर लाल ढीग, बायका देठ काढत बसलेल्या, नाकात तो खाट, प्रत्येकजण शिंकतोय. आई आतली जुनी पत्र्याची पेटी साफ करत होती. त्यात आबाजींनी जपून ठेवलेल्या कागदांत पणजोबांच्या नावाच्या लगानाच्या दोन पावत्या होत्या. मी सहज मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. आता रात्री तीन वाजता ते उघडले. झूम केलं. एक पावती त्याच काळातली. रक्कम साडेसात रुपये. मताची पायरी त्याच्या कितीतरी वर होती.

म्हणजे १९२३ साली माझ्या पणजोबांना मत नव्हतं.

मी हे तीन-चार वेळा तपासलं, जसं आपण प्रॉडक्शनमधला बग आपला नाहीच असं सिद्ध करायला तपासतो तसं. जमीन दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल? पेन्शनवाला सैनिक? नाही. कदाचित गोष्ट १९३७ ची असेल. त्या निवडणुकीत मताधिकार बराच वाढला होता, काही बायकांनाही मिळाला होता, आणि काँग्रेसने इथल्या ११२ पैकी ७० जागा घेतल्या होत्या, नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले होते. सांगता सांगता दोन निवडणुका एकमेकींत मिसळल्या असतील. पण आबाजी १९३७ मध्ये पाच वर्षांचे होते, आणि ते नेहमी 'माह्या जन्माच्या आधी' म्हणायचे. झेंडा सत्याग्रहाचं सालही चुकवत नसत.

सांगायचं की नाही? खरं सांगतो, पहिला विचार थोडा हलकट होता. ज्या गोष्टीने बाबांनी मला तीन आठवडे फोनबंदी केली, ती गोष्टच खोटी निघाली होती! पण दुसऱ्या क्षणी वाटलं, त्या माणसाने आयुष्यात एक मतदान चुकवलेलं नाही. उन्हात, पावसात, एकदा पाय प्लास्टरमध्ये असताना खाटेवरून. ते सगळं या एका पायी प्रवासाच्या जोरावर. तो काढून घ्यायचा मला काय अधिकार?

रविवारी दुपारी फोन केला. आधी स्वराज्य पक्षाचं सांगितलं. बाबा खूष. दोन रुपये पगारावर इतके हसले की आईने विचारलं काय झालं म्हणून. "म्हंजे आपल्या लोकायनं इंग्रजाचं कामच बंद पाडलं म्हन!" मग जरा थांबून मी पावतीचं सांगितलं. हळूहळू, जमेल तितकं सांभाळून.

पलीकडे शांतता. मला वाटलं, आता गेले आणखी तीन आठवडे.

"साडेसात रुपये?"

"हो."

"आन् मत मोठ्या लोकायलेच होतं?"

"हो बाबा."

परत थोडा वेळ काही नाही. मागे रेडिओ की टीव्ही चालू होता. मग ते म्हणाले, "पन तो गेला तर होता ना रे. आबाजी खोटं नाही सांगत. मालगुजाराची बंडी जात असन, तिच्यासंगं गेला असन. पाहाले गेला असन, का आपला मानूस निवडून येते का नाही."

मी काहीच बोललो नाही.

"म्हंजे त्याले मत नव्हतं, तरी तो गेला," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. जणू स्वतःलाच हिशेब समजावून सांगत होते. "बारा-पंधरा कोस."

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मी त्या दिवसापासून बऱ्याचदा तो माणूस डोळ्यांपुढे आणून पाहतो. आधीच्या चित्रात तो मतदार होता. आता तो उमरेडच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसलाय. आत रेशीमकाठी धोतरवाले जातायत आणि येतायत. (उमरेडची रेशीमकाठी धोतरं तेव्हा लांबवर जायची, कदाचित याच्या अंगावर नसतील.) याला कुणी आत घेणार नाही हे याला माहिती आहे. तरी संध्याकाळपर्यंत बसलाय. मग अंधारात पायी परत. घरी आल्यावर पणजीने विचारलं असेल, काय झालं? तो म्हणाला असेल, दिलं मत. किंवा म्हणाला असेल, मतदान झालं. एका पिढीत 'झालं'चं 'दिलं' व्हायला किती वेळ लागतो?

ती पणजी या गोष्टीत कुठेच नाही, हेही मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. भाकरी कुणी बांधून दिली होती?

१९५१-५२ ची निवडणूक आली तेव्हा मात्र कुणाला पावती दाखवावी लागली नाही. एकवीस पूर्ण झालेला प्रत्येक माणूस, प्रत्येक बाई. देशभरात सुमारे १७ कोटी मतदार. त्यातही जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानकडे याचं प्रमाण जास्त होतं. आमच्या घरी म्हणे पणजी लुगड्याचा पदर नीट करून सगळ्यात आधी तयार होऊन बसली होती. ही गोष्ट आईकडून कळली, ती तिच्या सासूकडून आलेली. बायकांच्या गोष्टी वेगळ्या केबलने येतात.

आता माझं. लॅपटॉपवर एका टॅबमध्ये गेले कित्येक महिने फॉर्म ८ अर्धवट भरून पडला होता. पत्ता बदलल्यावर यादीतलं नाव दुसरीकडे न्यायचा तो फॉर्म. भिवापूरचं नाव काढून पुण्यात आणायचं. मी तो पूर्ण करत नव्हतो, कारण वाटायचं, गावाशी बांधणारा हा शेवटचा कागद. रेशन कार्डवरून नाव गेलं, आधारवर पुण्याचा पत्ता आला, गाडीचा नंबर एमएच १४. यादीतलं नाव तेवढं तिकडचं. पण आठवणीसाठी ठेवलेलं आणि कधीच न वापरलेलं मत म्हणजे काय? ड्रॉवरमध्ये पडलेली लगानाची पावतीच ती.

रविवारी रात्री फॉर्म सबमिट केला. ओटीपी आला, रेफरन्स नंबर आला. बाबांना सांगितलं. वाटलं होतं, वाईट वाटेल त्यांना. वाटलंही असेल.

"बूथ कुठी आहे तुहं आता?"

"इथलीच शाळा असेल बाबा. पायी दहा मिनिटं."

"मंग पायीच जाजो," बाबा म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.